अख्ख्या गावाचा हॉल: गोटूलची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क नेमकं बोगद्यात जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेलं 'अं… म्हणजे… काय म्हणतात ते' काढून टाकलंय, बाकी बोलणं तेच आहे.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. तुमच्या सोसायटीत क्लब हाऊस आहे? असेल तर त्याची चावी कुणाकडे असते? आणि तिथे तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? बहुतेकांचं उत्तर असेल की कुणाच्या तरी बारशाला, नाहीतर मेंटेनन्सवरून भांडण झालं त्या मीटिंगला. ब्रोशरमध्ये मात्र या खोलीचं वर्णन मोठं झोकात असतं. 'कम्युनिटी स्पेस', 'इको-फ्रेंडली', बांबूचं फर्निचर, भिंतीवर वारली चित्रं. सगळं असतं, फक्त माणसं नसतात.

आज ज्या खोलीबद्दल बोलायचंय तिच्यात फर्निचर नाही. ती आहे गडचिरोली जिल्ह्यात, माडिया आणि गोंड लोकांच्या गावात. तिला म्हणतात गोटूल. कुणी घोटूल लिहितं, कुणी घोटुल. आपण गोटूल म्हणूया.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर. नाव ऐकलं असेल, पण बहुधा लोखंडाच्या खाणीमुळे. नकाशावर महाराष्ट्राचा अगदी पूर्वेकडचा कोपरा, पलीकडे छत्तीसगड. हा सगळा भाग पूर्वी चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. आणि या पट्ट्यातल्या सुमारे ७० गावांचा मिळून एक पारंपरिक इलाखा आहे, 'सूरजागड इलाखा'. गावाचं गावात ठरतं, आणि गावांच्या पलीकडचं इलाख्यात ठरतं. आता ठरवायचं म्हटलं की बसायला जागा लागतेच. ती जागा म्हणजे गोटूल.

बांधकाम अगदी सोपं वाटेल. सागवान किंवा ऐनाचे जाड खांब, वर बांबूचा सांगाडा, त्यावर गवत किंवा कवेलू. (पुण्या-मुंबईकरांनो, कवेलू म्हणजे कौलं.) भिंती असल्याच तर बांबूच्या तट्ट्याच्या, वरून माती-शेणाचा लेप. खाली सारवलेली जमीन. आत आडव्या भिंती नाहीत, एकच मोठी खोली, आणि थंडीच्या रात्री पेटवायला शेकोटीची जागा. बाहेर अंगण, जिथे सणाला नाच होतो.

एवढ्या एका खोलीत काय काय चालतं बघा. गावातली अविवाहित मुलं रात्री इथे झोपतात. परगावचा पाहुणा आला तर त्याचा मुक्काम इथे. सणाची तयारी इथे, तंटा झाला तर निवाडा इथे, शेतीची आणि जंगलातली सामूहिक कामं ठरवायची तीही इथेच. म्हणजे होस्टेल, गेस्ट हाऊस, कोर्ट आणि ग्रामपंचायत, सगळं एकाच छपराखाली. आजकाल आर्किटेक्चरच्या कॉलेजात 'मल्टी-फंक्शनल स्पेस' म्हणून एक सेमिस्टर शिकवतात, ते हेच.

इथे थोडं थांबून एक गैरसमज बाजूला करू. यूट्यूबवर गोटूल शोधलंत तर पहिली दहा थंबनेल्स बघून तुम्हाला वाटेल की ही काहीतरी चवीने बघायची गोष्ट आहे. या चवीचा उगम जुना आहे. ग्रिगसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८ मध्ये बस्तरच्या मारिया गोंडांवर पुस्तक लिहिलं, आणि १९४७ मध्ये व्हेरिअर एल्विनचं मुरियांच्या गोटूलवरचं जाडजूड पुस्तक आलं. एल्विनने आपुलकीने लिहिलं होतं, पण वाचणाऱ्यांनी त्यातली मुलामुलींच्या मोकळ्या नात्यांची प्रकरणं तेवढी उचलली. त्यातही तो लिहीत होता बस्तरच्या मुरियांबद्दल. पहाडी माडियांकडे रीत वेगळी होती. तिथे गोटूलमध्ये झोपायची ती मुलं, मुली नव्हेत, हे ग्रिगसननेच नोंदवून ठेवलंय. पण सनसनाटीला इतका बारकावा परवडत नाही. त्यात नुकसान असं झालं की गोटूलकडे एक इमारत म्हणून, गाव चालवायचं साधन म्हणून कुणी फारसं बघितलंच नाही.

आपण तसं बघूया.

पहिली गोष्ट बसण्याची. गोटूलमध्ये स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. गायता, म्हणजे गावाचा प्रमुख, तोही जमिनीवरच बसतो. मालीतल्या डोगॉन लोकांकडेही अशीच एक गावबैठकीची जागा असते, तोगू ना. तिचं छप्पर इतकं खाली असतं की आत उभंच राहता येत नाही. कारण विचारलं तर सांगतात, रागाने ताडकन उठून कुणी बोलायला गेला तर डोकं आपटतं, मग तो मुकाट्याने खाली बसतो! गोटूलचं छप्पर काही तेवढं खाली नाही, पण विचार त्याच जातीचा आहे. खोलीच्या रचनेतूनच बोलण्याची पद्धत ठरते. समोर टेबल आणि माइक असला की माणूस भाषण करतो. शेकोटीभोवती तोच माणूस गप्पा मारतो, आणि गप्पांमध्ये समोरच्याचं ऐकावं लागतं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. गवताचं छप्पर दर काही वर्षांनी बदलावं लागतं. पावसाळा झाला की मातीचा लेप धुऊन जातो, पुन्हा द्यावा लागतो. बांबूला भुंगा लागतो, तो काढून नवा बसवावा लागतो. (आतल्या शेकोटीच्या धुराने कीड जरा लांब राहते, म्हणजे धूरसुद्धा फुकट जात नाही.) तुम्ही म्हणाल, ही तर कटकट आहे. आहेच. पण या कटकटीसाठी गाव दरवर्षी एकत्र येतं. कुणी बांबू आणतं, कुणी गवत, कुणी माती कालवतं. दहा वर्षांचं पोरगं बघत बघत शिकतं, पंधराव्या वर्षी स्वतः छपरावर चढतं. जपानमध्ये इसे नावाचं मंदिर आहे, ते दर २० वर्षांनी पाडून शेजारी तसंच नवं बांधतात. शेवटचं २०१३ मध्ये बांधलं. त्यामुळे सुतारकाम पिढीतून पिढीत जातं. त्याचं जगभर कौतुक होतं, व्हायलाच हवं. आपल्याकडे मात्र त्याच गोष्टीला आपण 'कच्चं बांधकाम' म्हणतो.

म्हणूनच गडचिरोलीच्या गावांत 'समाजमंदिर' किंवा 'गोटूलभवन' नावाने उभी राहिलेली विटा-सिमेंटची खोली बघितली की मन जरा चरकतं. मी सिमेंटच्या विरोधात नाही. पावसात छप्पर गळणं ही काही रोमँटिक गोष्ट नव्हे. पण त्या खोलीचं कंत्राट निघतं, कंत्राटदार येतो, कुलूप बसतं, आणि चावी कुणा एकाकडे जाते. पत्रा किंवा स्लॅब मे महिन्यात असा तापतो की दुपारी आत बसवत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या वर. आणि भेग पडली की गाव पुढच्या निधीची वाट बघतं, कारण ती दुरुस्ती आता गावाच्या हातातलं काम उरलेलं नसतं. तुमच्या क्लब हाऊसचं आणि या खोलीचं दुखणं एकच आहे.

आता जरा मागे जाऊ, १९३६ मध्ये, आणि सूरजागडपासून बरंच पश्चिमेला, वर्ध्याजवळ. गांधीजी शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. (पुढे या गावाचं नाव सेवाग्राम झालं.) तिथलं पहिलं घर म्हणजे आदी निवास. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळं आसपासचं. या एका घरात गांधी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे पाहुणे एकत्र राहायचे; त्यात खान अब्दुल गफार खान होते, आपले तुकडोजी महाराज होते. जरा कल्पना करा! देशाचं राजकारण ज्याच्याभोवती फिरतंय तो माणूस, आणि त्याला स्वतंत्र बेडरूम नाही. पुढे मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली कुटी गांधींची झाली, तीच बापूकुटी. याचा गोटूलशी थेट संबंध होता असं माझं म्हणणं नाही. पण सेवाग्रामच्या या मातीच्या भिंतींमध्ये, नई तालीमच्या शाळेत वाढलेला एक मुलगा पुढे गडचिरोलीला आला, म्हणून ही वळणाची वाट घेतली.

तो मुलगा म्हणजे डॉ. अभय बंग. डॉ. राणी बंग आणि ते १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्यासमोर एक विचित्र अडचण होती: आजारी आदिवासी माणूस दवाखान्यात येतच नाही. का येत नाही, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मिळालेली उत्तरं बंग पती-पत्नीने पुढे अनेकदा सांगितली आहेत. तुमच्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथे पेशंटला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि तुमच्या दवाखान्यात देवच नाही.

यातलं औषधाबद्दल एकही वाक्य नाही, हे लक्षात आलं का? सगळी तक्रार खोलीबद्दल आहे. मग चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं ते आदिवासी गावासारखं. वॉर्डाच्या लांबलचक रांगेऐवजी झोपड्यांसारख्या खोल्या, पेशंटसोबत घरच्यांनी राहायची सोय, आवारात दंतेश्वरी देवी, आणि दवाखान्याचं नावच 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. इंटिरिअर डिझायनरची फी वाचली, कारण डिझाइन पेशंटनेच सांगितलं होतं. भामरागड तालुक्यात हेमलकसाला आमट्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवातही १९७३ मध्ये अशीच झाली. आधी झाडाखाली उपचार, इमारती नंतर.

आता येऊ त्या गावाकडे, जिथे गोटूलवरून सरळ सरकारशी गाठ पडली. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा गावाला लागून असलेलं, म्हणून मेंढा-लेखा. जेमतेम चारपाचशे वस्तीचं गोंडांचं गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही मोठी धरणं येणार होती आणि त्यात जंगल बुडणार होतं. त्याविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झालं, १९८४ मध्ये. त्या धगीत मेंढ्याचे देवाजी तोफा आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं घडली. गावाने ठरवलं, आपल्या हरवत चाललेल्या रीती परत आणायच्या. त्यातली एक म्हणजे गोटूल.

तरुणांनी रीतीप्रमाणे जंगलातून लाकूड आणलं आणि गोटूल उभा केला. वनखातं म्हणालं, हे बेकायदेशीर. गोटूल मोडला, लाकूड नेलं. इथे गोष्ट संपली असती. पण आसपासच्या गावांची मिळून सभा बसली आणि ठरलं की एका गावाने बांधला म्हणून मोडता, मग आता आम्ही गावोगावी बांधतो! आणि बांधले. तेवढे सगळे मोडायला खातं काही आलं नाही.

यात कायद्याची गंमत बघा. ज्या जंगलात हे लोक पिढ्यान् पिढ्या राहताहेत तिथला खांब आणला की चोरी. आणि त्याच जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद गिरणीला सवलतीच्या दरात जायचा, तो उद्योग. एवढंच काय, कायद्याच्या लेखी बांबू हे 'झाड' होतं, जरी वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणत असलं तरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे त्यावर गावाचा हक्क. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो खात्याकडे. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मेंढ्याची सभा कशी चालते हेही ऐकण्यासारखं आहे. मतदान नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर. आणि सभेआधी अभ्यासगट. त्यात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, हवं ते समजावून सांगू शकतो, पण निर्णय ग्रामसभेत, गावानेच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही कुठेतरी वाचली असेल. दहा मिनिटांत हात वर करून ठराव पास करायचा असेल तर तुमचा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा हॉल ठीक आहे. एकमत व्हायला मात्र रात्र लागते, आणि रात्रभर बसायचं तर खालची जमीन, शेकोटी आणि घाई नसलेली माणसं लागतात.

सगळं गोड गोड सांगितलं असं वाटत असेल तर आता त्याच गावातली दुसरी खोली दाखवतो. कुर्मा घर. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेर राहायचं, गावाच्या कडेला एका झोपडीत. स्वयंपाकघर नाही, जेवण घरून यायचं, दिवाबत्तीची बोंब, पावसात गळती, वर साप-विंचवाची भीती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१५ मध्ये राज्य सरकारला याची दखल घ्यायला लावली. आता विचार करा. ज्या गावाला गोटूलचं छप्पर शाकारायला माणसं मिळतात, त्याच गावाची ही खोली मोडकळीला आलेली. बांबू तोच, माती तीच, हातही तेच. फरक इतकाच की दुरुस्तीचं कुठे ठरतं तिथे पूर्वापार बायकांचा आवाज कमी होता. अलीकडे मुंबईच्या एका संस्थेने काही गावांत चांगल्या पक्क्या खोल्या बांधून दिल्या. पलंग, संडास, पाणी, सौर दिवे. त्यावर वाद झाला. कुणी म्हणालं, खोली चांगली केली की प्रथा टिकेल. कुणी म्हणालं, प्रथा मोडेपर्यंत काय बायकांनी सापांबरोबर झोपायचं? मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण मेंढ्यात बायका ग्रामसभेला बसतात, बोलतात, तसं गावोगावी झालं तर हा वाद बाहेरच्यांनी घालायची गरजच पडणार नाही.

आणि आता पुन्हा सूरजागड. २००७ मध्ये इथल्या डोंगरावरचे ३४८ हेक्टर लोखंडाच्या खाणीसाठी लॉइड्स मेटल्स कंपनीला लीजवर मिळाले. विरोध झाला, डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरच्या कितीतरी गाड्या जाळल्या, काम थांबलं, २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झालं. मग उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचा प्रस्ताव आला. त्यासाठी जनसुनावणी लागते. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती झाली गडचिरोली शहरात, डोंगरापासून शंभरहून अधिक किलोमीटर लांब. खाणीला लोकांचा पाठिंबाही आहे, हे सांगायला हवं. या भागात रोजगार कमी आहेत, आणि महिन्याचा पगार येणाऱ्या घराला खाण वाईट वाटत नाही. पण त्या सुनावणीच्या खोलीत कोण पोचू शकलं असेल? एसटी कधी मिळते, दिवसाची मजुरी बुडते, मंचावरचं बोलणं मराठीत, आणि घरची भाषा माडिया.

सूरजागड इलाख्यातल्या लोकांनी मग ११ मार्च २०२३ पासून तोडगट्टा या गावी ठाण मांडलं, नव्या प्रस्तावित खाणींविरुद्ध. ७० गावांतली माणसं पाळीपाळीने यायची. बांबू आणि पाल्याच्या झोपड्या घातल्या, एकत्र रांधलं, रात्री सभा घेतल्या. आठ महिन्यांहून जास्त दिवस हे चाललं, आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या कारवाईनंतर संपलं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या एका खोलीत बसून ठरवायची सवय आहे, त्यांनी आधी खोली बांधली. नेत्याचा मंडप आणि भाड्याचे लाउडस्पीकर त्यात कुठे नव्हतेच.

सूरजागडचं लोखंड ट्रकने निघतं, त्याचं पोलाद होतं, सळई होते. सिमेंटचे मोठे कारखाने शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेतच, गडचांदूरला, आवारपूरला. शक्यता आहे की तुम्ही ज्या इमारतीत बसून हे वाचताय तिच्या स्लॅबमध्ये या डोंगराचा थोडासा तुकडा असेल. किंवा त्या क्लब हाऊसच्या.

आजच्या भागात इतकंच. कुणाच्या गावात गोटूल, चावडी, पार, असं काही अजून चालू असेल तर त्याचं छप्पर शेवटचं कधी आणि कुणी दुरुस्त केलं, एवढंच कळवा. फोटो नसला तरी चालेल. पुढच्या भागात बल्लारपूरची कागद गिरणी आणि आपल्या शाळेच्या वह्या. भेटू.